विश्लेषण : काही ओळींची दुरुस्ती, सहा वर्षांचा पाठपुरावा

नवी दिल्ली : सप्टेंबर २०१७ मध्ये ‘ट्रेंड मायक्रो’ या सायबर सुरक्षा कंपनीने ‘झेडएनआययू’ नावाच्या अपायकारक अँड्रॉइड प्रोग्रॅमची माहिती जाहीर केली. खेळांच्या व अश्लील चित्रफितींच्या ॲपचे सोंग घेऊन फोनमध्ये शिरणाऱ्या या प्रोग्रॅमच्या कचाट्यात किमान ४० देशांतील पाच हजारांहून अधिक वापरकर्ते सापडले होते. त्यांतील बहुसंख्य चीन आणि भारतातील होते. भारताच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा किरकोळच. चिंतेची बाब निराळी होती. फोनचा संपूर्ण ताबा मिळवण्यासाठी या प्रोग्रॅमने लिनक्स कर्नलमधील ज्या दोषाचा वापर केला, तो अकरा महिन्यांपूर्वी, म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्येच जगजाहीर झाला होता आणि दुरुस्तही झाला होता. दुरुस्ती विनामूल्य होती आणि कोणालाही वाचता येईल अशी खुली होती. ज्या फोनना तिची गरज होती, तिथवर मात्र ती पोहोचलेली नव्हती.

‘डर्टी काऊ’ या नावाने हा दोष ओळखला जातो. त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. स्वदेशी कार्यप्रणाली आणि फोनच्या सुरक्षा अद्यतनांची मुदत या दोन्ही विषयांवर भारतात सध्या धोरणपातळीवर बोलले जात आहे. त्या चर्चेत या एका दोषाचा इतिहास क्वचितच येतो. वास्तविक, संगणकातील दोष दुरुस्त होणे म्हणजे नेमके काय, ती दुरुस्ती कोण करते आणि ती खऱ्या अर्थाने पूर्ण केव्हा होते, हे समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये तो उभा असतो आणि प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क यांची वाटणी करतो. त्याची सर्वांत नाजूक जबाबदारी मेमरीची. प्रत्येक प्रोग्रॅमला भासते, की संगणकाची सारी मेमरी आपल्याच मालकीची आहे. प्रत्यक्षात कर्नलने ती छोट्या छोट्या ‘पानां’त विभागलेली असते; बहुतेक संगणकांत एक पान ४,०९६ बाइटचे असते. कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या पत्त्यामागे प्रत्यक्ष कोणते पान आहे आणि त्यावर लिहिण्याची परवानगी आहे की केवळ वाचण्याची, याची नोंद कर्नल स्वतःच्या तक्त्यांमध्ये ठेवतो.

ही व्यवस्था काटकसरी आहे. एकच फाइल दहा प्रोग्रॅम वाचत असतील, तर तिच्या दहा प्रती काढल्या जात नाहीत; एकच पान सर्वांना दाखवले जाते. एखाद्या प्रोग्रॅमने ‘माझ्या खासगी वापरासाठी’ म्हणून घेतलेल्या पानावर लिहायला सुरुवात केली, तरच त्या क्षणी त्याच्यापुरती स्वतंत्र प्रत तयार होते. या पद्धतीला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘काऊ’ हा शब्द तयार होतो. ज्या पानावर काही लिहिले गेले आहे, त्याला संगणकाच्या परिभाषेत ‘डर्टी’, म्हणजे मळलेले पान म्हणतात. दोषाच्या विचित्र नावाचा उगम एवढाच आहे.

हा दोष समजण्यासाठी तहसील कचेरीतील अभिलेख कक्ष डोळ्यांपुढे आणावा. मूळ नोंदवही कपाटात असते. ती पाहण्याची मुभा सर्वांना, तिच्यावर लिहिण्याची मनाई सर्वांना. एखाद्याला तिच्यावर टिपणे करायची असतील, तर कारकून नक्कल काढून देतो. आता समजा, कारकुनाने अर्ज घेतला, त्यावरील ‘लिहिण्यासाठी’ हा शेरा पाहिला, नक्कल काढून टेबलावर ठेवली आणि शेऱ्याचे काम संपले म्हणून तो खोडून टाकला. त्याच क्षणी अर्जदाराच्या साथीदाराने टेबलावरची नक्कल उचलून रद्दीत फेकली. कारकून वळून पाहतो तो टेबल रिकामे. हाती अर्ज आहे, पण त्यावर ‘लिहिण्यासाठी’ असे आता कोठेच नाही. अर्जदाराला फक्त पाहायचे आहे, असे समजून तो कपाटातील मूळ नोंदवही पुढे करतो. अर्जदार लेखणी उघडून बसलेलाच असतो.

लिनक्समध्ये नेमके हेच घडत होते. प्रोग्रॅमच्या वतीने पाने मिळवून देणारे कर्नलमधील कार्य प्रत तयार झाल्यावर ‘लिहायचे आहे’ ही खूण काढून टाकत असे आणि पान पुन्हा शोधू लागे. या दोन पावलांच्या मधल्या अत्यल्प वेळेत त्याच प्रोग्रॅमचा दुसरा धागा ‘ही प्रत मला नको’ अशी विनंती कर्नलला करू शकत होता. ही विनंती पूर्णपणे वैध असते; तिच्यात काहीही संशयास्पद नसते. दोन्ही कामे लक्षावधी वेळा समांतर करत राहिले, की कधी ना कधी वेळ साधली जाई आणि लेखन थेट मूळ फाइलच्या पानावर होई. ती फाइल वापरकर्त्यांच्या नोंदींची असेल किंवा प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमची असेल, तर सामान्य वापरकर्ता काही क्षणांत संपूर्ण यंत्राचा मालक होऊ शकत असे. प्रणालीच्या नोंदवह्यांत या कृत्याचा मागमूसही राहत नसे.

हा मार्ग २००७ मध्ये आलेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून खुला होता, असे मानले जाते. म्हणजे नऊ वर्षे तो जगातील असंख्य सर्व्हरवर आणि पुढे अँड्रॉइड फोनमध्ये नांदत होता. तथापि त्याची मुळे त्याआधीची आहेत. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये दुरुस्ती करताना तिच्यासोबतच्या टिपणात नोंदवले, की हा प्राचीन दोष आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता आणि तो प्रयत्न चांगला नव्हता. २००५ मधील ती दुरुस्ती आयबीएमच्या ‘एस३९०’ या मोठ्या संगणकांवर अडचणीची ठरली. पान मळल्याची खूण हे संगणक वेगळ्या ठिकाणी ठेवत असत, त्यामुळे नवी तपासणी तेथे लागू पडेना. अखेर दुरुस्ती मागे घेतली गेली. पुढे त्या संगणकांबाबतची अडचण दूर झाली. मागे घेतलेली दुरुस्ती पुन्हा आणण्याची आठवण मात्र कोणाला राहिली नाही. त्या काळी ही शर्यत केवळ कागदावरची वाटत होती. जसजशी कर्नलची मेमरी व्यवस्था अनेक प्रोसेसरवर अधिक सफाईने चालू लागली, तसतशी ती प्रत्यक्षात जिंकणे सोपे होत गेले. सुधारणेने जुन्या दोषाला धार चढवली, असा हा प्रकार.

तो उघडकीस आला, तोही संशोधनातून नव्हे. फिल ओस्टर हे आपल्या सर्व्हरवर येणारी सर्व वेब वाहतूक नोंदवून ठेवत असत. त्यांच्या एका यंत्रात घुसलेल्या हल्लेखोराने जो प्रोग्रॅम वापरला, तो या साठवलेल्या नोंदींतून त्यांनी वेगळा काढला आणि कर्नलच्या विकासकांकडे पाठवला. याचा सरळ अर्थ असा, की बचाव करणाऱ्यांना दोष कळला, त्याआधीच तो कोणाच्या तरी हाती शस्त्र म्हणून होता. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी तो जाहीर झाला आणि ४.८.३, ४.७.९ व ४.४.२६ या दुरुस्त आवृत्त्या लगोलग प्रसिद्ध झाल्या.

दुरुस्तीचा आकार पाहिला तर आश्चर्य वाटते. दोन फायली, वीस ओळींच्या आतला बदल. ‘लिहिण्यासाठी’ हा शेरा खोडणे बंद करण्यात आले. त्याऐवजी ‘नक्कल काढून झाली आहे’ अशी नवी खूण अर्जावर ठेवण्यात आली. शिवाय जे पान हाती आले आहे ते मळलेले आहे का, हेही तपासले जाऊ लागले. खासगी पान मळलेले असेल, तर ती नक्कलच असणार, कारण मूळ प्रतीवर कोणी लिहूच शकत नाही, असा तर्क त्यामागे होता. अभिलेख कक्षाच्या भाषेत सांगायचे तर कारकून आता कागद हाती देण्यापूर्वी त्यावर शाईचे डाग आहेत का, हे पाहू लागला. डाग असतील तर नक्कल, नसतील तर मूळ.

त्या दिवशी हा तर्क बिनचूक होता. पण तो अप्रत्यक्ष होता. डाग ही नक्कल असल्याची खूण नाही. ती लिहिले गेल्याची खूण आहे. दोन्ही गोष्टी एकत्र येतात, हा कर्नलमधील इतर भागांच्या वर्तनाचा परिणाम होता आणि ते वर्तन कायम राहील, अशी हमी कोठेही लिहिलेली नव्हती. पुढील सहा वर्षांचा इतिहास या न लिहिलेल्या हमीचा आहे.

पहिला तडा वर्षभरातच गेला. मोठ्या कामांचा वेग वाढवण्यासाठी लिनक्स काही वेळा छोट्या पानांऐवजी दोन मेगाबाइटची महापाने वापरतो. डर्टी काऊची दुरुस्ती या महापानांच्या संहितेतही उतरवण्यात आली. तेथे मात्र एक जुने कार्य असे होते, की पानाला नुसता हात लागला तरी ते त्याची नोंद ‘मळलेले’ अशी करत असे. परिणामी नक्कल न काढताच तपासणी पार होऊ लागली. ‘बिंडेसी’ या संस्थेच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये ही बाब उघड केली. हा दोष सीव्हीई-२०१७-१०००४०५ या क्रमांकाने नोंदला गेला आणि काही दिवसांत दुरुस्त झाला. त्याची व्याप्ती मूळ दोषाहून बरीच मर्यादित होती. डिस्कवरील फाइलवर त्याद्वारे लिहिता येत नव्हते. तरीही जगातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या दुरुस्तींपैकी एका दुरुस्तीत ही उणीव वर्षभर कोणाच्या ध्यानात आली नव्हती, हे उल्लेखनीय आहे. हजारो डोळे संहिता वाचत असले की दोष टिकत नाहीत, हा खुल्या सॉफ्टवेअरचा आवडता सिद्धांत येथे तोकडा पडला. डोळे होते, मेमरी व्यवस्थेच्या या कोपऱ्यात वाचलेले समजणारे डोळे फार थोडे होते.

२०२० मध्ये गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या पथकातील जॅन हॉर्न यांनी याच व्यवस्थेची दुसरी बाजू दाखवून दिली. एका प्रक्रियेतून दुसरी प्रक्रिया जन्मते, तेव्हा दोघांत पाने सामाईक असतात. अपत्य प्रक्रियेने एखाद्या पानावर आडवाटेने पकड ठेवून त्याची नोंद सोडून दिली, तर जनक प्रक्रियेला वाटे, की पान आता एकट्याचे आहे. ती त्यावर नवीन, कदाचित गोपनीय मजकूर लिही आणि अपत्य तो वाचू शके. अँड्रॉइडमध्ये सर्व ॲप एकाच मूळ प्रक्रियेतून फुटतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हता. टॉरवाल्ड्स यांनी ५.८ या आवृत्तीसाठी तात्पुरता उपाय केला. त्यातून दुसरीकडे अडचणी निर्माण झाल्यावर ५.९ मध्ये सारी पद्धतच सोपी केली. त्या सोपेपणामुळे नेटवर्क व इतर यंत्रांशी थेट बोलणाऱ्या काही प्रोग्रॅमची पाने अवचित बदलू लागली. एका टोकाला दाबले की दुसरीकडे फुगणारा हा फुगा दोन वर्षे कर्नलच्या विकासकांमध्ये फिरत राहिला.

ऑगस्ट २०२२ मध्ये डर्टी काऊ जवळजवळ जसाच्या तसा परतला. सामाईक मेमरीशी संबंधित एका निरुपद्रवी दिसणाऱ्या बदलामुळे ५.१६ या आवृत्तीपासून काही मूळ पानेही आपोआप ‘मळलेली’ नोंदली जात होती. तर्क पुन्हा कोसळला. सीव्हीई-२०२२-२५९० या क्रमांकाचा हा दोष रेड हॅट कंपनीतील अभियंते डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी शोधला आणि त्यांनीच दुरुस्त केला. या वेळी दुरुस्ती निराळ्या जातीची होती. त्यांच्याच कामातून जुलै २०२२ मधील ५.१९ या आवृत्तीत खासगी पानावर ‘हे केवळ याच प्रक्रियेचे’ अशी स्पष्ट खूण ठेवण्याची सोय झाली होती. त्या खुणेच्या आधारे ६.० या आवृत्तीत २०१६ मधील तर्क मुळातूनच काढून टाकण्यात आला. कारकुनाने डाग शोधणे सोडले; प्रत्येक नकलेवर आता अर्जदाराच्या नावाचा शिक्का असतो. शिक्का नसेल तर लेखणी चालवू दिली जात नाही. पाठोपाठ या साऱ्या प्रसंगांची तालीम करणाऱ्या स्वयंचलित चाचण्याही कर्नलच्या संहितेत दाखल झाल्या. २००५ मधील दुरुस्ती मागे घेतली गेली तेव्हा अशी चाचणी असती, तर ती विस्मरणात गेली नसती.

एक मुद्दा येथे नोंदवण्याजोगा आहे. मेमरीचे दोष टाळण्यासाठी ‘रस्ट’सारख्या सुरक्षित भाषांकडे वळावे, असा आग्रह अमेरिकी प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मधील अहवालात धरला आणि लिनक्सनेही त्या भाषेला दार उघडले आहे. ते योग्यच आहे. मात्र डर्टी काऊ हा त्या वर्गातला दोष नाही. त्यात कोणी मर्यादेबाहेर लिहीत नव्हते किंवा मोकळी केलेली मेमरी वापरत नव्हते. चूक नियमांच्या तर्कात होती आणि चुकीचा तर्क कोणत्याही भाषेत लिहिता येतो.

दुरुस्तीच्या या कथेला समांतर दुसरी कथा आहे ती तिच्या प्रवासाची आणि भारतीय वाचकाचा थेट संबंध तिच्याशी आहे. सर्व्हर चालवणाऱ्या संस्थेने ठरवले, तर नवी आवृत्ती त्याच रात्री बसवता येते. फोनचे तसे नाही. कर्नलची दुरुस्ती आधी गुगलच्या अँड्रॉइड शाखेत येते, तिथून चिप बनवणाऱ्या कंपनीकडे, मग फोन बनवणाऱ्या कंपनीकडे आणि काही देशांत त्यानंतर दूरसंचार कंपनीकडेही जाते. प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र चाचणी आणि स्वतंत्र खर्च असतो. डर्टी काऊची दुरुस्ती गुगलने नोव्हेंबर २०१६ मध्ये पूरक म्हणून दिली आणि डिसेंबरच्या सुरक्षा पत्रकात सर्वांसाठी समाविष्ट केली. तेवढ्या टप्प्यापर्यंतचा विलंब समजण्यासारखा होता. त्यापुढे काय झाले, ते झेडएनआययूने दाखवून दिले. भारतातील दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांतील मोठा वाटा कमी किमतीच्या फोनचा आहे. असे अनेक फोन त्या काळी विकल्यानंतर थोड्याच महिन्यांत अद्यतनांच्या यादीतून गळून पडत. त्यांच्या मालकांना आपला फोन जुना झाला आहे, हे कळण्याचे काहीच साधन नव्हते. फोन तर व्यवस्थित चालत होता.

चीनमधील बाधित फोनवरून हा प्रोग्रॅम दूरसंचार कंपनीच्या संदेशसेवेद्वारे छोट्या छोट्या रकमा वळवत असे. रक्कम इतकी लहान, की बिलात ती लक्षात येऊ नये. अन्य देशांत ही पैसे वळवण्याची यंत्रणा चालत नव्हती. मात्र फोनमध्ये चोरदरवाजा मागे राहतच होता. भारतीय वापरकर्त्यांचे आर्थिक नुकसान टळले ते हल्लेखोराच्या योजनेत ते बसत नव्हते म्हणून. कोणत्याही संरक्षणामुळे नव्हे. नोटबंदीनंतरच्या त्या वर्षात भारतातील पैशाचे व्यवहार झपाट्याने फोनवर येत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या योगायोगाचे मोल कळते.

तेव्हापासून परिस्थिती बरीच सुधारली, हेही मान्य करायला हवे. २०१७ पासून अँड्रॉइडची रचना अशी बदलण्यात आली, की चिपशी निगडित भाग आणि वरची कार्यप्रणाली वेगवेगळी अद्ययावत करता यावी. अँड्रॉइड १२ सोबत ५.१० कर्नल घेऊन येणाऱ्या फोनपासून सर्वांसाठी एकच सामाईक कर्नल प्रतिमा वापरण्याचे बंधन आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या उच्च किमतीच्या नव्या फोनना सात वर्षे अद्यतने देण्याची घोषणा केली. मात्र पहिले पाऊल झपाट्याचे आणि शेवटचे संथ, हे चित्र फारसे बदललेले नाही. ‘डर्टी पाइप’ या २०२२ मधील दोषाच्या बाबतीत ते स्पष्ट दिसले. जर्मनीतील मॅक्स केलरमन हे ग्राहकांच्या दबलेल्या नोंद-फायली अधूनमधून बिघडतात कशा, याचा शोध घेत होते. तो शोध त्यांना कर्नलच्या पानांपाशी घेऊन गेला. वाचण्यापुरत्या असलेल्या फाइलच्या पानावर लिहिता येणे, हाच याही दोषाचा परिणाम. २० फेब्रुवारीला त्यांनी कळवले आणि २३ फेब्रुवारीला दुरुस्त आवृत्त्या बाहेर पडल्या. अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकात त्याची दुरुस्ती आली ती मे महिन्यात, आणि ती फोनमध्ये उतरवणे हा त्यापुढचा टप्पा.

या पार्श्वभूमीवर स्वदेशी कार्यप्रणालीचा प्रश्न पाहावा लागतो. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वीकारायला घेतलेली ‘माया’ उबंटूवर आधारलेली आहे. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेली आणि त्याच वर्षी सादर झालेली ‘भारओएस’ अँड्रॉइडच्या खुल्या संहितेवर उभी आहे. केरळच्या सरकारी शाळांतील संगणकही उबंटूपासून तयार केलेल्या प्रणालीवर चालतात. या सर्वांच्या तळाशी तोच लिनक्स कर्नल आहे. पुण्यातील सी-डॅकमध्ये असलेला आणि २०२३ च्या जागतिक यादीत ७५ व्या क्रमांकावर आलेला ‘ऐरावत’ हा महासंगणकही त्याला अपवाद नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिले ५०० महासंगणक लिनक्सवरच चालत आहेत.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. संपूर्ण नवा कर्नल घडवण्याचा हट्ट अव्यवहार्य आहे आणि खुल्या संहितेवर उभे राहण्यात शहाणपण आहे. प्रश्न जबाबदारीचा आहे. परदेशी कंपनीची प्रणाली वापरताना दुरुस्ती वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारी त्या कंपनीची असते. त्याच पायावर आपल्या नावाची प्रणाली उभी केली, की ती जबाबदारी आपल्या हाती येते. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्सचे विकासक स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागले आहेत आणि त्यानंतर कर्नलच्या नोंदलेल्या दोषांची संख्या वर्षाला हजारोंच्या घरात गेली आहे. त्यांतले गंभीर कोणते, हे निवडत बसण्यापेक्षा स्थिर शाखेची संपूर्ण नवी आवृत्ती नियमितपणे घ्यावी, असा विकासकांचा सल्ला असतो. सरकारी कचेऱ्यांतील हजारो संगणकांवर हे दर काही आठवड्यांनी करणे, हे प्रणालीचे उद्घाटन करण्याहून कितीतरी कष्टाचे आणि कमी गाजावाजाचे काम आहे. त्यासाठी कायमस्वरूपी मनुष्यबळ आणि तरतूद लागते.

आणखी एक पायरी वरची आहे. डर्टी काऊच्या सहा वर्षांत निर्णायक ठरलेली माणसे मोजकी होती आणि त्यांचा पगार गुगल, रेड हॅट यांसारख्या कंपन्या किंवा लिनक्स फाउंडेशन देत होते. भारतीय अभियंते या वर्तुळाबाहेर नाहीत. बेंगळुरूतील आयबीएमच्या अभियंत्यांनी पॉवर प्रोसेसरच्या मेमरी व्यवस्थेवर वर्षानुवर्षे काम केले आहे. परंतु ते त्या कंपनीच्या गरजेनुसार होते. ज्या कर्नलवर देशाची संरक्षण कचेरी, शाळा आणि महासंगणक अवलंबून आहेत, त्याच्या मेमरी व्यवस्थेची पूर्णवेळ देखभाल करणारी काही माणसे सार्वजनिक खर्चाने तयार करणे, हा स्वदेशीचा अधिक टिकाऊ अर्थ ठरू शकेल. खर्चाच्या दृष्टीने तो नवी प्रणाली बाजारात आणण्यापेक्षा स्वस्तही असेल.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले, तर जगातील नियमनाची दिशा आता स्पष्ट होत आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणाला सुरक्षा अद्यतने किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाने याहून पुढे जाऊन २० जून २०२५ पासून फोन व टॅबलेटसाठी नियम लागू केले. त्यानुसार एखाद्या मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून किमान पाच वर्षे कार्यप्रणालीची अद्यतने उपलब्ध ठेवावी लागतात. मुदत विक्री सुरू झाल्यापासून न मोजता बंद झाल्यापासून मोजणे, हा यातील महत्त्वाचा तपशील आहे. भारतात अनेक ग्राहक एखादे मॉडेल किंमत उतरल्यावर, बाजारात येऊन वर्ष-दीड वर्ष झाल्यानंतर घेतात. विक्रीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेली तीन वर्षे त्यांच्यापर्यंत पोहोचताना दीड वर्षाची उरलेली असतात.

भारतात सर्ट-इन ही संस्था दोषांबाबत इशारे देते आणि एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे संस्थांना बंधनकारक आहे. इशारा मिळालेल्या ग्राहकाच्या फोनसाठी दुरुस्तीच उपलब्ध नसेल, तर काय, याचे उत्तर त्या निर्देशांच्या कक्षेत येत नाही. या प्रश्नाला स्पर्श करणारा प्रयत्न ग्राहक व्यवहार विभागाकडून झाला आहे. मोबाइल फोन व अन्य इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-सुलभता निर्देशांक ठरवण्याकरिता विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल सादर झाला. सुटे भाग, अवजारे, दुरुस्तीची माहिती यांच्या जोडीला सॉफ्टवेअर अद्यतने हाही समितीने सुचवलेल्या निकषांपैकी एक आहे. गुणांकन उत्पादकाने स्वतः घोषित करायचे आणि ते विक्रीच्या ठिकाणी ग्राहकाला दिसावे, अशी कल्पना आहे. या निकषाखाली केवळ वर्षांची संख्या छापायची, की ती वर्षे विक्री बंद झाल्याच्या दिवसापासून मोजायची आणि कर्नलची दुरुस्ती जाहीर झाल्यापासून किती दिवसांत फोनवर पोहोचवायची, हेही नोंदवायचे, यावर त्या आकड्याचा उपयोग अवलंबून राहील.